आधी तीन तुतवार, मग बाकीचं

अगं, आधी ते पुस्तक मीट. हो, तेच. ज्याच्या एका पानावर डझनभर मातकट पक्षी एकाच दिशेला तोंड करून उभे आहेत आणि ते पान उघडलं की तुझा धीर सुटतो. सगळे वरून तपकिरी, सगळे पोटाला पांढरे, सगळ्यांची चोच लांब आणि पाय काटकुळे. वर रविवारी उरणच्या बांधावर गटातलं कुणीतरी दुर्बीण डोळ्याला लावतं न लावतं तोच ‘दोन मार्श, एक वुड, तो बघा ग्रीनशॅंक’ म्हणून मोकळं होतं, आणि तू अजून तो पक्षी दुर्बिणीत शोधतेच आहेस. काल म्हणालीस ना, ‘ताई, मी आपली खंड्या आणि बुलबुल बघते, हे चिखलातले माझ्याच्यानं होणार नाहीत.’ होतील गं. घर, नोकरी, सासूबाईंची औषधं आणि लेकीची दहावी, सगळं एकाच वेळी सांभाळतेस तू. तीन तुतवार, म्हणजे तीन सॅंडपायपर, काय मोठे लागून गेलेत?

खरं सांगू का, तुझे डोळे चांगले आहेत, फक्त क्रम उलटा झालाय. तू रंगापासून सुरुवात करतेस, आणि या मंडळींच्या बाबतीत रंग हा सगळ्यात शेवटचा पुरावा. विणीच्या हंगामातला रंगीत पेहराव उतरवूनच बहुतेक जण आपल्याकडे थंडी काढायला येतात. सकाळी सातच्या उन्हात सगळेच सोनेरी दिसतात, अकराच्या उन्हात सगळेच करडे, आणि सूर्य समोर असेल तर सगळेच काळे. त्यात आपल्या खाडीचा चिखल. लाल पायांचा रेडशॅंक त्या चिखलातून चालून आला की त्याचे पाय चक्क काळे होतात, आणि मग ‘लाल पाय’ एवढंच पाठ केलेल्या माणसानं करायचं काय? म्हणून माझा क्रम ऐक. आधी तो काय करतोय ते बघ. मग कुठे करतोय. मग शेजारी कोण उभं आहे आणि त्याच्या मानानं हा केवढा. मग चोच. रंग त्याच्यानंतर.

आणि एकेकटा पक्षी पाठ करू नकोस, जोडीनं कर. जिरं आणि शहाजिरं लहानपणी आईनं दोन वाट्यांत शेजारी शेजारी ठेवून दाखवलं असेल ना? तेव्हापासून डब्यावर चिठ्ठी नसली तरी तुझा हात चुकत नाही. इथेही तेच. एकटं बघून ‘लांब चोच’ म्हणजे किती लांब, ते कळत नाही. दुसरा शेजारी आला की लगेच कळतं.

आता कुठे जायचं ते सांगते, कारण तिथेच बऱ्याच जणी फसतात. आपल्याकडे पक्षी म्हटलं की सगळे कर्नाळ्याला नेतात. कर्नाळा सुंदर आहे, १९६८ साली अभयारण्य झालं, तिथल्या सुळक्याखालची झाडी माझीही आवडती. पण ते जंगलातल्या पक्ष्यांचं घर आहे, चिखलातल्यांचं नाही. तुझी शाळा आहे पनवेलची गाढी नदी. घरापासून जवळ, काठावर माणसांची वर्दळ, एकटीला भीती नाही, आणि मुख्य म्हणजे तिथे एका वेळी दोन-तीनच जातींचे तुतवार भेटतात. उरणच्या हजारो पक्ष्यांच्या थव्यात शिकायला जाणं म्हणजे उगाच स्वतःचे हाल करून घेणं. आधी गाढी, मग उरण. यात मी अजिबात ऐकून घेणार नाही.

तर बघ, पहिला सामान्य तुतवार, म्हणजे कॉमन सॅंडपायपर. हिवाळ्याची वाट बघू नकोस, हा भर पावसात ऑगस्टमध्येच हजर होतो. विसर्जन घाटाच्या पायऱ्या, पुलाखालचे दगड, खाडीवरचा धक्का, जेटी, जिथे पाण्याला कठीण कडा आहे तिथे हा. आणि याचं शेपूट थांबत नाही. चालताना वरखाली, उभा राहिला तरी वरखाली, अंगाचा मागचा अर्धा भाग सारखा हलतोय. दुर्बिणीत मिळाला की त्याच्या खांद्याकडे बघ. छातीवरचा तपकिरी भाग संपतो आणि पंख सुरू होतो, त्या दोहोंच्या मधून पोटाचा पांढरा रंग वर घुसलेला असतो, खांद्यापर्यंत. ती पांढरी पाचर एकदा दिसली की निकाल लागला, दुसरं काही बघायची गरज नाही. उडाला तर आणखी सोपं. पाण्याला अगदी लागून, ताठ पंखांची थरथर, मध्येच पंख खाली वाकवून तरंगणं, पुन्हा थरथर, आणि पंखांवर लांब पांढरी पट्टी. कंबर मात्र तपकिरीच. कंबर म्हणजे पाठ आणि शेपूट यांच्या मधली जागा गं, ती लक्षात ठेव. पुढच्या दोघांत सगळं तिच्यावर आहे.

दुसरा हिरवा तुतवार, ग्रीन सॅंडपायपर. याच्या अंगावर हिरवं काही शोधत बसू नकोस, तुला तो जवळजवळ काळाच दिसेल. वरून गडद, त्यावर अगदी बारीक ठिपके, खाली स्वच्छ पांढरा, दोन्हीत स्पष्ट सीमारेषा. हा एकटा राहणारा. ओढ्याचं वळण, नाल्याची कड, गाढी आटत जाते तेव्हा उरलेली डबकी, शेताच्या कोपऱ्यातलं साचलेलं पाणी, अशा आडोशाच्या जागा त्याला आवडतात. तू कोपरा वळतेस आणि हा मोठ्यानं ओरडत उंच, आडवातिडवा निघून जातो. तेव्हा घाबरू नकोस, पण डोळे उघडे ठेव. काळपट पंखांच्या मध्ये लख्ख पांढरी कंबर चमकते आणि पंखांची खालची बाजूसुद्धा काळपट असते. ती काळी बगल हीच त्याची सही.

तिसरा ठिपकेवाला तुतवार, म्हणजे वुड सॅंडपायपर. हिरव्याचा आणि याचा घोळ सगळ्यांचाच होतो, कारण आकार जवळजवळ तोच आणि उडताना पांढरी कंबर यालाही आहे. मग बघायचं काय? भुवई. अगं, खरंच भुवई! ठिपकेवाल्याची पांढुरकी भुवई चोचीपासून निघून डोळ्याच्या चांगली मागे जाते. हिरव्याची डोळ्यापाशीच संपते आणि डोळ्याभोवती पांढरं कडं ठसठशीत दिसतं. दुसरं, याच्या पाठीवरचे ठिपके मोठे आणि फिकट, पाठ चट्ट्यापट्ट्यांची वाटते. पाय पिवळसर आणि जरा लांब, त्यामुळे अंगकाठी हलकी. उडाला की पंखांची खालची बाजू फिकट, आणि पायांची टोकं शेपटीच्या बाहेर डोकावतात. राहायला याला उथळ, पसरलेलं पाणी लागतं. नेरे गावाच्या बाजूची पाणी भरलेली भातखाचरं, दलदलीची कड. बहुतेक वेळा चार-पाच जण थोड्या थोड्या अंतरावर चरताना दिसतील.

दगडावर शेपूट हलवतोय, नाल्यात एकटा काळापांढरा, खाचरात भुवईवाला. बस. सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच तीन बघ. गटातल्या कुणी विचारलं, ‘यंदा किती जाती झाल्या?’ तर हसून सोडून दे. एक जात दहा वेळा बघणारीला जे दिसतं ते दहा जाती एकेकदा बघणाऱ्याला दिसत नाही, हे मी तुला छातीठोकपणे सांगते.

आता चिखल्यांकडे येऊ. चिखल्या म्हणजे प्लवर, आणि त्यांना तुतवारांपासून वेगळं काढायला दुर्बीणही लागत नाही. चालण्याकडे बघ. चिखल्या तुरुतुरु धावतो, एकदम थबकतो, मान वाकवून एक टोचा मारतो, पुन्हा धावतो. त्याची शिकार नजरेवर चालते, म्हणून डोळे मोठे आणि चोच आखूड. तुतवार आणि त्यांचे भाऊबंद चालता चालताच टोचत राहतात, लांब चोच चिखलात खुपसून आत काय आहे ते चाचपतात. दूरवर नुसते ठिपके दिसत असले तरी धावणारे-थांबणारे कोण आणि सतत चालणारे कोण, हे सांगता येतं. अर्धं पान तिथेच कमी झालं की नाही?

चिखल्यांमधली जोडी म्हणजे कंठेरी चिखल्या आणि केंटिश चिखल्या. कंठेरीच्या गळ्यात पुरता काळा पट्टा आणि डोळ्याभोवती पिवळं कडं, जणू रंगवलेलं. केंटिशचा छातीवरचा पट्टा मध्येच तुटलेला, दोन्ही बाजूंना एकेक डाग, पाय गडद, पिवळं कडं नाही. मग तिसरा येतो, सॅंड प्लवर, आणि तो हिवाळ्यात केंटिशसारखाच फिका दिसतो. त्याच्या मानेच्या मागच्या बाजूला बघ. केंटिशला तिथे पांढरी कॉलर असते, सॅंड प्लवरला नसते. समोरून बघून डोकं पिकवू नकोस, तो पाठ फिरवेपर्यंत थांब. आणि सॅंड प्लवरमध्ये पुन्हा लहान कोणता, मोठा कोणता, हा प्रश्न तू दोन वर्षं स्वतःला विचारायचाच नाही. ज्याला आपण इतकी वर्षं लेसर सॅंड प्लवर म्हणत होतो, शास्त्रज्ञांनी अलीकडेच त्याच्या सायबेरियन आणि तिबेटन अशा दोन जाती केल्या. तेवढं ओझं तुझ्या डोक्यावर कशाला?

उरणला जायचं तर घड्याळाआधी कालनिर्णय बघ. हसू नकोस, कोकणातल्या कोळ्यांचा साधा हिशेब आहे. तिथीचा आकडा घे आणि त्याची पाऊणपट कर, ती भरतीची साधारण वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. सकाळीही आणि संध्याकाळीही. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी पोचायला आणखी वेळ लागतो, आणि थोडं मागंपुढं होतंच, पण बेत आखायला एवढं पुरतं. आता बघ, संकष्टीच्या रविवारी गेलीस तर भरती तीनला, म्हणजे सकाळी नऊला सपाटून ओहोटी. पक्षी पार खाडीच्या मध्यावर चिखलात पांगलेले, आणि तू बांधावरून ठिपके मोजतेयस. तोच रविवार त्रयोदशी-चतुर्दशीचा असेल तर भरती पावणेदहा-साडेदहाला. तू साडेसातला पोचलीस की पाणी चढत जाईल आणि पाण्याच्या पुढे पुढे सरकत पक्षी आपणहून तुझ्याकडे येतील. चिखलपट्टा बुडाला की ते आतल्या पाणथळींवर, मिठागरांच्या बांधांवर विसाव्याला जमतात. पाणजे, भेंडखळ, बेलपाडा ही नावं म्हणूनच पक्षी बघणाऱ्यांच्या तोंडी असतात. विसावलेले पक्षी जागचे हलत नाहीत, दाटीवाटीनं शेजारी शेजारी उभे राहतात. तुझी तुलना तिथे आयती होते.

तुलनेसाठी एक पट्टी मात्र ठरवून घे. माझी पट्टी शेकाट्या. काळे पंख, पांढरं अंग आणि लांबच लांब गुलाबी पाय, हा लहान मुलालाही ओळखता येतो आणि जवळजवळ प्रत्येक पाणथळीवर असतोच. त्याच्या शेजारी कोण उभं आहे? ज्याची पाठ त्याच्या पोटाला जेमतेम लागतेय, पाय नारिंगी लाल, चोचीचं मूळही लाल, तो रेडशॅंक. पाय चिखलानं माखलेले असतील तर त्याला उडू दे. पंखांच्या मागच्या कडेला रुंद पांढरा पट्टा दिसला की पायांचा रंग विचारायचं कारण नाही. त्याहून थोराड, करडा, चोच बुडाशी जाड आणि टोकाला किंचित वर वळलेली, उडताना तीनदा ‘ट्यू-ट्यू-ट्यू’ करणारा तो ग्रीनशॅंक. अंगकाठी तशीच, पण सगळंच नाजूक, चोच सुईसारखी सरळ आणि बारीक, तो मार्श सॅंडपायपर. या दोघांत चोचीवरच थांब, पाय दोघांचेही हिरवट.

गॉडविट, म्हणजे आपले पाणटिवळे, मोठे आणि लांब चोचीचे. ठाणे खाडीत आणि आपल्या बाजूला थवेच्या थवे येतात ते बहुतेक काळ्या शेपटीचे. उडाले की पंखांवर ठसठशीत पांढरा पट्टा आणि शेपटीला काळं टोक. पट्ट्यांच्या शेपटीचा गॉडविट कमी दिसतो, त्याची चोच थोडी वर वळलेली आणि पंखांवर तो पांढरा पट्टा नाही. पण दिसला तर नमस्कार कर त्याला! २०२२ च्या ऑक्टोबरात याच जातीचं, त्याच वर्षी जन्मलेलं एक पिल्लू अलास्काहून उडालं आणि कुठेही न उतरता ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर कापून टास्मानियाला उतरलं. त्याच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं छोटं यंत्र होतं म्हणून आपल्याला कळलं. बांधावरून धावत जाऊन थवा उडवणाऱ्या हौशी फोटोवाल्यांचा मला इतका संताप का येतो, ते आता कळेल तुला. हे पक्षी इथे बसून पुढच्या प्रवासाची चरबी साठवतात. प्रत्येक उगाच केलेलं उड्डाण त्या शिदोरीतून जातं. तू असं कधीही करायचं नाहीस, आणि शेजारचा करत असेल तर त्याला गोड बोलून थांबवायचं.

आता तू विचारशील, एवढं बारीक ओळखून करायचंय काय? ‘खूप पक्षी होते’ एवढं पुरत नाही का? नाही पुरत गं. थव्यात सगळ्यात लहान दिसतो तो छोटा टिलवा, लिटल स्टिंट. चिमणीएवढा, आखूड सरळ चोच, पाय काळे, पृष्ठभागावरचं पटापट टिपणारा. (त्यांच्यात एखादा पिवळट पायांचा, पाठीला अगदी साधा निघाला तर तो टेमिंकचा टिलवा.) त्यांच्यातच मिसळून थोडा मोठा एक असतो. चोच लांब आणि टोकाकडे खाली वाकलेली, पोटापर्यंत पाण्यात शिरून खोल टोचणारा, उडाला की कंबर पांढरी. हा कर्ल्यू सॅंडपायपर. लांबून दोघे एकच वाटतात. पण जगभरातल्या धोक्यातल्या जीवांची यादी ठेवणाऱ्या आययूसीएननं २०२४ च्या ऑक्टोबरात कर्ल्यू सॅंडपायपरला ‘असुरक्षित’ गटात टाकलं. ग्रे प्लवर आणि रुंद चोचीचा ब्रॉड-बिल्ड सॅंडपायपरही त्याच वेळी त्या गटात गेले. छोटा टिलवा अजून त्या चिंतेत नाही. तेव्हा तुझ्या वहीत ‘लहान पक्षी, २००’ असं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. ‘टिलवे १८०, कर्ल्यू सॅंडपायपर २०’ असं असेल तर उद्या कुणालातरी तो आकडा लागणार आहे.

लागणारच आहे, कारण आपल्या भोवतीचा चिखल कमी होतोय. पनवेलच्या खाडीपासून उलव्यापर्यंत जिथे खाजणं आणि भातशेती होती, तिथे आता विमानतळ उभा आहे, २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचं उद्घाटन झालं. पाणजेच्या पाणथळीत भरतीचं पाणी पोचत नाही म्हणून वर्षानुवर्षं तक्रारी झाल्या. ठाणे खाडीच्या एका भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळालं, याचा आनंद आहेच. पण पक्ष्याला कागदावरची हद्द कळत नाही. तो भरतीला तिथून उठून आपल्या बाजूच्या बांधावर विसावायला येतो. तो बांध गेला तर तिकडचं अभयारण्य त्याला अर्धंच उपयोगी. आणि इथे कोण येत होतं, हे सांगायला नेमाने नोंद ठेवणारी आपल्यासारखी माणसं लागतात. तुझ्या सकाळच्या तासाभराला मी म्हणूनच इतकं महत्त्व देते.

बगळ्यांचं थोडक्यात सांगते, ते तुला जमतंच आहे. म्हशीमागून फिरणारा, पिवळी आखूड चोच आणि आखूड मान, तो गाय बगळा. काळी चोच, काळे पाय आणि पिवळे पंजे, तो छोटा बगळा. खाडीच्या कडेला पाटीसारखा राखाडी, हनुवटी पांढरी, तो समुद्री बगळा. त्याचा पांढरा अवतारही असतो आणि तो छोट्या बगळ्याशी चांगलाच घोळ घालतो, तेव्हा चोच जाड आणि फिकट तपकिरी-पिवळट आहे का ते बघायचं. खरी मेख मोठा बगळा आणि मध्यम बगळा यांच्यात आहे. आकारावर जाऊ नकोस, एकटा उभा असला की काहीच कळत नाही. त्याच्या जिवणीकडे बघ. तोंडाच्या कोपऱ्यातून निघणारी काळी रेघ मोठ्या बगळ्यात डोळ्याच्या मागे जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याच्या खालीच थांबते. जवळचा बगळा मिळाला की दुर्बिणीतून ती रेघ नीट बघून ठेव, रस्त्याकडेच्या डबक्यावरसुद्धा जमेल.

तुझ्या बाकीच्या काळज्यांकडे येते. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरे, जास्त ताकदीची घेऊ नकोस, हात हलतो आणि मान दुखते. पन्नास हजारांचा कॅमेरा अजिबात घ्यायचा नाही, निदान या वर्षी नाही. कॅमेरा हातात आला की माणूस पक्षी बघायचं सोडून पडदा बघतं. त्याऐवजी शंभर पानी वही घे. पक्षी दिसला की पुस्तक उघडायच्या आधी लिही: कुठे होता, काय करत होता, कशाच्या शेजारी, चोच डोक्याच्या किती पट. चित्र येत नाही म्हणू नकोस, दोन लंबगोल आणि एक रेघ पुरते. पुस्तक आधी उघडलं की डोळ्यांना पुस्तकातलंच दिसायला लागतं.

बांधावर एकटी जाऊ नकोस, एक जोडीदारीण घे. घरी वेळ सांगून नीघ. बांध सोडून चिखलात उतरायचं नाही, वरून घट्ट दिसतो आणि मांडीपर्यंत आत घेतो, शिवाय कालवांच्या शिंपल्यांनी पाय कापतात. उघाडीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, पाणी ओढ धरून वाहतं, तिथे कडेला उभी राहू नकोस. चिंबोऱ्या पकडायला आलेली माणसं भेटली की आधी आपणहून बोल. कुठल्या कोपऱ्यात सकाळी थवा बसला होता हे त्यांना ठाऊक असतं, आणि तू कोण, कशाला आलीस, हे त्यांना कळलं की तुलाही निर्धास्त वाटतं. स्वच्छतागृह तिकडे मिळणार नाही, तेव्हा घरून निघतानाच बेत कर, पण म्हणून पाणी न पिता राहायचं नाही, ऐकतेयस ना? आणि टिटवी ओरडली म्हणून दचकू नकोस, अशुभबिशुभ काही नसतं. तिनं तुला बघितलंय आणि ती सगळ्यांना सांगतेय. अशा वेळी जागच्या जागी खाली बस, दहा मिनिटं हलू नकोस. ती गप्प झाली की बाकीचेही पुन्हा चरायला लागतात.

एखाद्याच्या पायात रंगीत कडं किंवा छोटं निशाण दिसलं तर बाकी सगळं सोडून ते नीट बघ. कोणता पाय, कोणता रंग वर, कोणता खाली, त्यावर काही अक्षरं आहेत का. बीएनएचएसचे, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे, लोक पक्षी पकडून अशी कडी घालतात आणि सोडून देतात, परदेशातही घालतात. तारीख-ठिकाणासह बीएनएचएसला कळवलंस की तो कुठून आला ते समजतं.

आणि ओळखता नाही आलं तर? तर ‘तुतवार, ग्रीन किंवा वुड’ असं लिहायचं आणि पुढे जायचं. जगभरातले लोक जिथे नोंदी करतात त्या ई-बर्डवरही ‘हा किंवा तो’ अशा नोंदींची सोय मुद्दाम ठेवली आहे, कारण तीस-तीस वर्षं पक्षी बघणाऱ्यांनाही ती लागते. अंदाजानं ठोकून दिलेल्या नावापेक्षा अर्धवट पण खरी नोंद कधीही चांगली. गटात कुणी भराभर नावं घेत असेल तर शांतपणे विचार, ‘कशावरून?’ ज्याला खरंच येतं तो आनंदानं थांबून सांगेल.

मार्चअखेर मात्र तुझा पुन्हा गोंधळ होणार, आत्ताच सांगून ठेवते. परतीच्या आधी हे पक्षी रंग बदलायला लागतात. कर्ल्यू सॅंडपायपरचं पोट विटकरी लाल होतं, सॅंड प्लवरच्या छातीवर नारिंगी पट्टा चढतो, पाणटिवळ्यांच्या मानेवर तांबूस छटा येते, आणि अर्धे बदललेले, अर्धे तसेच, असे सगळे एकाच थव्यात असतात. तोवर तुला त्यांची चाल आणि चोच पाठ झालेली असेल, तेव्हा निभेल.

येत्या रविवारी द्वादशी आहे का तेवढं बघ. असेल तर भरती नऊच्या सुमारास, मी सोबत असल्यावर उरण चालेल, आपण साडेसहाला निघू, गाडी मी काढते. नसेल आणि तिथी अडचणीची निघाली तर गाढीच्या घाटावर जाऊ, तिथे भरतीची वेळ गाठायची गरज नाही. जुने बूट घाल, टोपी विसरू नकोस, आणि पोळ्या मी करून आणते, तू भाजीचं बघ.